मैल गेले, रुपये आले

पूर्वी तुम्ही किती लांब उडालात ते मोजायचे. आता तुम्ही किती पैसे मोजलेत ते मोजतात. मुंबई-दिल्ली-मुंबई आणि टी-टू ते नरिमन पॉइंट अशा एका दिवसात दिसलेली एअरलाइन पॉइंट्सची नवी दुनिया.

तुमच्या पाकिटात आत्ता किती कार्डं आहेत? डेबिट, क्रेडिट, मेट्रोचं, जिमचं, बुटांच्या दुकानाचं... आणि एअरलाइनचं? ते हल्ली प्लॅस्टिकचं नसतं म्हणा, फोनमध्ये असतं. पण त्याचे रंग मात्र तेच आहेत. लाल, निळा, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. एअरपोर्टवर तुम्ही कुठल्या रांगेत उभं राहायचं, बॅग किती किलोंची न्यायची, कॉफी फुकट प्यायची की साडेतीनशे रुपये मोजून, हे सगळं त्या रंगावर ठरतं.

मी फ्रीलान्स पत्रकार आहे. माझं तिकीट मीच काढते, तेही दोन महिने आधी, रात्री बारानंतर तीन-तीन साइट्स उघडून, सगळ्यात स्वस्त सापडेल ते. त्यामुळे माझा रंग कोणता हे सांगायला नकोच. पण हा रंग मिळवण्याचे नियम गेल्या काही वर्षांत जगभर बदललेत आणि आपल्याकडे तर २०२४ या एकाच वर्षात सगळं उलटंपालटं झालं. म्हणून ठरवलं, या वेळी दिल्लीला जायचंच आहे तर डोळे उघडे ठेवून जाऊ या.

सोमवारची माणसं

मुंबईचं टी-टू बघायचं असेल तर सोमवारी पहाटे बघावं. मोराच्या पिसाऱ्यासारखे ते पांढरे खांब, वर छतातून झिरपणारा उजेड आणि खाली चाकांच्या बॅगांची खडखड. २०१४ मध्ये हे टर्मिनल सुरू झालं तेव्हा घरची मंडळी फक्त ते बघायला मला सोडायला आली होती. आता कुणी वर बघतही नाही. सोमवारच्या माणसांना तर वेळच नसतो.

ही सोमवारची माणसं लगेच ओळखू येतात. निळा शर्ट, काळी बॅकपॅक, एकच केबिन बॅग. डिजियात्राच्या कॅमेऱ्याकडे एक नजर टाकून आत. बेल्ट आणि लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवायचं काम अक्षरशः दहा सेकंदांत. सोमवारी दिल्ली नाहीतर बंगळुरू, गुरुवारी संध्याकाळी परत. कन्सल्टंट, बँकर, सेल्सवाले. यांच्यातली एक माझी कॉलेजची मैत्रीण. तिची आणि माझी फ्लाइट योगायोगानं एकच निघाली. तिचं तिकीट कंपनीनं शुक्रवारी रात्री काढलेलं, १८,००० रुपये. माझं मी दोन महिन्यांपूर्वी काढलेलं, ४,५०० रुपये. विमान तेच, सीट तशीच, सँडविचही तेच आणि दिल्लीही तीच. सरळ रेषेत सुमारे १,१५० किलोमीटर.

आता गंमत बघा. जुन्या पद्धतीत आम्ही दोघी दिल्लीला उतरलो की मोजायचे ते अंतर. तिकिटाच्या प्रकारानुसार थोडंफार कमी-जास्त व्हायचं, पण पाया मैलांचा. म्हणून तर त्याला ‘माइल्स’ म्हणायचे! आता पाया रुपयांचा आहे. म्हणजे एकाच विमानातून एकाच गावाला जाऊन तिच्या खात्यात माझ्या चौपट पॉइंट्स. वर तिचा रंग गोल्ड, म्हणून बोनस वेगळा. आणि पैसे दोघींपैकी स्वतःच्या खिशातून भरले होते कुणी? मी.

‘अगं, पण मी दर सोमवारी पहाटे साडेतीनला उठते, त्याचं काय?’ मैत्रीण म्हणाली. मुद्दा बरोबर होता. पण नवा नियम तिच्या साडेतीनच्या अलार्मलाही काही देत नाही. तिकीट महाग होतं, एवढंच त्याला कळतं.

मैल आले कुठून?

सीटबेल्ट बांधून झाल्यावर थोडा इतिहास सांगते. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाची भाडी सरकार ठरवायचं आणि ती बऱ्याच अंशी अंतरावर ठरायची. आपल्या एसटीसारखंच. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. जितके टप्पे तितकं भाडं. १९७८ मध्ये तिथला कायदा बदलला, भाडी मोकळी झाली आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकांची पळवापळवी सुरू झाली. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं ‘एअॅडव्हान्टेज’ आणलं. आमच्याबरोबर उडा, मैल जमवा, पुरेसे झाले की फुकट तिकीट घ्या. काही दिवसांतच युनायटेडनं आपलं ‘मायलेज प्लस’ काढलं.

आयडिया जाम चालली. इतकी की लोकांनी तिचा खेळ केला. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरला कळलं की एका कंपनीच्या खाद्यपदार्थांवर माइल्सची ऑफर आहे आणि त्यांचं सगळ्यात स्वस्त प्रॉडक्ट म्हणजे पुडिंगचा कप. पठ्ठ्यानं १२,००० हून जास्त कप घेतले! खर्च सुमारे ३,१०० डॉलर, कमाई साडेबारा लाख माइल्स. आणखी एक जमात होती ‘मायलेज रन’वाल्यांची. वर्ष संपत आलं, गोल्डला थोडे मैल कमी पडताहेत, तर शनिवारी स्वस्तातलं लांबचं तिकीट काढायचं, जायचं, एअरपोर्टवरून बाहेरही न पडता परत यायचं.

२००९ मध्ये जॉर्ज क्लूनीचा ‘अप इन द एअर’ आला. त्यातल्या हीरोचं आयुष्यातलं एकच ध्येय, एक कोटी मैल. तो सिनेमा बघून माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांना कन्सल्टंट व्हावंसं वाटलं होतं. सिनेमाचा शेवट बहुतेक कुणी नीट बघितला नसावा!

पण एअरलाइन्स काही धर्मादाय संस्था नाहीत. स्वस्त तिकिटावर लांब उडणारा मालामाल आणि महाग तिकिटावर जवळ जाणारा कोरडा, हे त्यांना खटकायला लागलं. १ जानेवारी २०१५ पासून डेल्टानं मैल मोजणं सोडून डॉलर मोजायला सुरुवात केली. साध्या मेंबरला एका डॉलरमागे ५ माइल्स, सगळ्यात वरच्याला ११. त्याच मार्चमध्ये युनायटेडनं तेच केलं, २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं. २०१८ मध्ये एअर फ्रान्स-केएलएम आणि लुफ्तान्सा. नाव ‘माइल्स’च राहिलं. मैलाचा दगड मात्र उचलून नेला.

लाउंजमधली गर्दी

दिल्लीतलं काम दुपारी आटपलं. परतीच्या फ्लाइटला दोन तास होते, म्हणून लाउंजकडे वळले. माझ्या एका क्रेडिट कार्डावर तीन महिन्यांतून एकदा लाउंज मिळतं. दारात रांग! माझ्या पुढे चोवीस माणसं. काचेच्या दारातून आतला कढी-चावल दिसत होता आणि बसायला खुर्ची मिळेल की नाही याची खात्री नव्हती. मागचे एक काका म्हणाले, ‘हे म्हणजे दादरच्या लग्नाच्या हॉलमधली दुसरी पंगत झाली.’

पण काकांच्या या वाक्यातच सगळा फंडा आहे. लाउंज, प्रायॉरिटी बोर्डिंग, पुढची सीट यांची मजा फक्त ती सगळ्यांना मिळत नाही तोवरच. सगळेच गोल्ड झाले की गोल्ड म्हणजे दुसरी लांब रांग. क्रेडिट कार्डांनी लाउंजचं दार सगळ्यांना उघडलं, बँकांचं बिल वाढलं, आणि मग २०२४ मध्ये आपल्याकडच्या बऱ्याच बँकांनी अट घातली. मागच्या तीन महिन्यांत कार्डावर अमुक इतका खर्च, तरच लाउंज. इथंही मोजायचे ते रुपयेच.

अमेरिकेत तर यावरून मोठं नाट्य झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टानं जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून स्टेटस फक्त खर्चावर मिळेल. किती वेळा उडालात, किती लांब उडालात, विसरा. सगळ्यात वरच्या डायमंडसाठी ३५,००० डॉलर. वर लाउंजच्या फेऱ्यांवरही मर्यादा. जुने मेंबर असे काही भडकले की काही आठवड्यांतच डेल्टाचे प्रमुख एड बास्टियन यांना जाहीरपणे मान्य करावं लागलं की आपण जरा जास्तच ताणलं. ३५,००० चे २८,००० झाले, लाउंजचे नियम थोडे सैल झाले. पण मूळ मुद्दा, स्टेटस म्हणजे खर्च, तो जागचा हलला नाही.

ब्रिटिश एअरवेजनं १ एप्रिल २०२५ पासून तसंच केलं. साधारण एका पाउंडाला एक टियर पॉइंट, आणि गोल्डला २०,००० पॉइंट्स. म्हणजे एका वर्षात वीस लाख रुपयांच्या वरची तिकिटं! तिथंही ओरड झाल्यावर, ५० फ्लाइट्स केल्या तरी सिल्व्हर मिळेल अशी एक खिडकी नंतर उघडावी लागली. पण गोल्डला तशी खिडकी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला? फुकट तिकिटांचा धंदा तो केवढा? तर ऐका. कोविडमध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा, २०२० मध्ये, युनायटेडनं आपला लॉयल्टी प्रोग्राम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाला २०२४ मध्ये एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून ७.४ अब्ज डॉलर मिळाले. बँका एअरलाइनकडून माइल्स विकत घेतात आणि कार्डावर आपल्याला वाटतात. म्हणजे तिथल्या मोठ्या एअरलाइन्स विमानंही उडवतात आणि स्वतःच्या टांकसाळीत नाणीही पाडतात. नाणं त्यांचं, किंमत त्यांची, आणि ती कधी बदलायची हेही तेच ठरवणार.

आपल्या आकाशात

आता घरच्या मैदानावर येऊ. जेट एअरवेज मे १९९३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या ‘जेट प्रिव्हिलेज’नं मराठी मध्यमवर्गातल्या पहिल्या पिढीला प्लॅटिनमची चव दाखवली. किंगफिशरचा ‘किंग क्लब’ आला. दुसरीकडे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त तिकिटांचा धडाका लावला, २००६ मध्ये इंडिगो आली, आणि आपल्यापैकी बहुतेक जण जे उडायला लागले ते पॉइंट्सविनाच. पाणी विकत, सँडविच विकत, पॉइंट्स नाहीत. पण तिकीट परवडायचं, त्यामुळे तक्रारही नव्हती.

मधल्या काळात पॉइंट्सवाल्यांनी बरंच सोसलं. किंगफिशर २०१२ मध्ये कायमची जमिनीवर आली. विमानच नाही, तर जमवलेल्या मैलांवर बसून जायचं कुठं? १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेटचं त्या काळातलं शेवटचं ठरलं. जेटचे मैल मात्र वाचले, कारण तो प्रोग्राम वेगळ्या कंपनीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. एअरलाइन नाही आणि तिचे माइल्स शिल्लक! कुंकू पुसलं तरी मंगळसूत्र बँकेत, असा प्रकार.

विस्तारानं २०१५ मध्ये सुरुवातच रुपयांवर पॉइंट्स देऊन केली होती. पण खरा बदल २०२४ चा. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत आली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या जुन्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’नं अंतर मोजणं सोडून खर्च मोजायला सुरुवात केली. ११ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा शेवटची उडाली, दुसऱ्या दिवशी ती एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक या दरानं नव्या ‘महाराजा क्लब’मध्ये आले. आणि त्याच महिन्यात, अठरा वर्षं ‘आमच्याकडे पॉइंट्स-बिइंट्स नाहीत’ असा साधेपणा मिरवलेल्या इंडिगोनंही आपलं ‘ब्लूचिप’ सुरू केलं. तेव्हा देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून जास्त एकट्या इंडिगोचे होते. म्हणजे एका वर्षात अख्खं भारतीय आकाश रुपयांच्या हिशेबात आलं.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. देशातल्या देशात उडणाऱ्या अनेकांचा यात फायदाच झाला. मुंबई-गोवा हे अंतर एवढंसं, पण ख्रिसमसला भाडं बघा! जुन्या हिशेबात गोव्याला गेलेल्याला चणे-फुटाणेच मिळायचे. आता महाग तिकिटाचे निदान पॉइंट्स तरी भरपूर. शिवाय हिशेब तोंडी करता येतो. इतके रुपये, इतके पॉइंट्स. आधीचे तक्ते समजायला सीए लागायचा.

मग रडायचं कुणी?

मामीचा गुडघा

माझे मामा-मामी पुण्यात, कोथरूडला राहतात. मुलगा न्यू जर्सीत. तुमच्या बिल्डिंगमध्येही असं एक घर नक्की असेल. दर दोन वर्षांनी हिवाळा संपला की दोघं निघतात. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातीसाठी परकर-पोलकं. मामी ६६ वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा गेली काही वर्षं त्रास देतोय. इकॉनॉमीत पंधरा-सोळा तास पाय दुमडून बसणं म्हणजे तिला शिक्षाच. म्हणून मामांनी गेली दहा-बारा वर्षं एकाच परदेशी एअरलाइनचे माइल्स जमवले. वहीत तारीखवार नोंदी. ध्येय एकच. एकदा तरी मामीला बिझनेस क्लासमध्ये आडवं झोपवून न्यायचं.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण ७,८०० मैल. जाऊन-येऊन १५,६००. जुन्या पद्धतीत एका माणसाच्या एका वारीचा हा ढोबळ हिशेब. आता मामांचं तिकीट नेहमीच सेलमधलं. टॅक्स सोडून मूळ भाडं ९०० डॉलर धरा. डॉलरला ५ माइल्स म्हणजे ४,५००. पूर्वी एका वारीत जे मिळायचं त्याला आता जवळजवळ साडेतीन वाऱ्या. दर दोन वर्षांनी एक वारी, म्हणजे सात वर्षं. मधल्या काळात त्या एअरलाइननं अपग्रेडला लागणारे माइल्सही वाढवले.

‘सात वर्षं थांबायची माझी तयारी आहे,’ मामी म्हणाली. ‘गुडघ्याला विचारा.’

हे ऐकल्यावर मला आमच्या भाजीवाल्या मावशी आठवल्या. त्या माझ्या आईला कढीपत्ता आणि दोन मिरच्या फुकट देतात. का? आई खूप पैशांची भाजी घेते म्हणून नाही. वीस वर्षं रोज तिथूनच घेते म्हणून. समोरच्या टॉवरमधली मॅडम एका वेळी हजाराची एक्झॉटिक भाजी नेते, तिला मावशी वाकून नमस्कार करतात, पण कढीपत्ता आईलाच. लॉयल्टी या शब्दाचा अर्थ मला तरी तिथं कळला. एअरलाइन्सनी शब्द तोच ठेवलाय आणि मान दिलाय एका वेळी हजाराची भाजी नेणाऱ्याला. धंदा म्हणून त्यात चूक काहीच नाही. पण मग त्याला लॉयल्टी म्हणू नका, डिस्काउंट म्हणा.

आणि ते हजार रुपये बहुतेक वेळा मॅडमचे स्वतःचेही नसतात. महाग तिकिटं काढणाऱ्यांत मोठा वाटा कंपन्यांचा. पैसे ऑफिसचे, पॉइंट्स कर्मचाऱ्याचे. जर्मनीत २००२ मध्ये यावरून केवढा गहजब झाला होता! सरकारी प्रवासातले माइल्स खासगी प्रवासाला वापरले म्हणून बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला, ग्रीन पक्षाचे जेम ओझदेमीरही त्यात अडकले. खासगी कंपन्यांत मात्र हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. माझी मैत्रीण गेल्या वर्षी अशाच पॉइंट्सवर आईला सिंगापूरला घेऊन गेली. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट वापरला. आता सांगा, त्या पॉइंट्सना वाईट कसं म्हणू? साडेतीनच्या अलार्मची कुठंतरी भरपाई व्हायलाच हवी. फक्त मामांची वहीही तेवढीच खरी आहे, आणि नव्या हिशेबात तिला रकाना नाही.

तर मग करायचं काय?

परतीच्या प्रवासात मैत्रिणीनं फोनवर दिलेला आणि मी पुढे थोडी भर घातलेला हा शहाणपणा, कापून फ्रिजवर लावायला :

पॉइंट्स साठवू नका, वापरा. ते एफडी नाहीत. त्यांना व्याज नाही, आणि त्यांची किंमत एका रात्रीत घसरू शकते. ‘कधीतरी मोठी ट्रिप’ म्हणण्यापेक्षा या वर्षीची छोटी ट्रिप बरी.

रंगासाठी उडू नका. वर्षअखेरीला सिल्व्हरसाठी थोडं कमी पडतंय म्हणून जादा तिकीट काढण्याआधी विचारा, त्या सिल्व्हरमधून मला नक्की काय मिळणार? जादा बॅग आणि लवकर बोर्डिंग हवं असेल तर ते सुटं विकत घेणं अनेकदा स्वस्त पडतं.

आई-बाबांचं खातं उघडा. परदेशवारी करणाऱ्या ज्येष्ठांची खाती बऱ्याचदा नसतातच. काही प्रोग्राममध्ये घरच्यांचे पॉइंट्स एकत्रही करता येतात. तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, ही आपल्या मधल्या नावांची नेहमीची भानगड.

पार्टनर बघा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. अशा समूहातल्या एका एअरलाइनच्या प्रवासाचे पॉइंट्स दुसऱ्या एअरलाइनच्या खात्यावर घेता येतात, आणि प्रत्येकीचा दर वेगळा असतो. लांबच्या स्वस्त तिकिटाला कुठं जास्त मिळतात, हे तिकीट काढण्याआधी पाहा.

बोर्डिंग पास फेकू नका. पॉइंट्स खात्यावर दिसेपर्यंत त्याचा फोटो ठेवा.

महाराजांच्या वाड्याखाली

संध्याकाळी टी-टूला उतरले आणि टॅक्सीच्या रांगेकडे न जाता खाली मेट्रोकडे गेले. ॲक्वा लाइन आता एअरपोर्टहून थेट कफ परेडपर्यंत जाते. कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ७०. जितकं अंतर, तितके पैसे. शेजारी प्रायॉरिटी टॅग लावलेली बॅग घेऊन एक सूटवाले उभे होते, दुसरीकडे एअरपोर्टवर हाउसकीपिंग करणाऱ्या दोघी. तिघांनाही बसायला जागा नव्हती. सीएसएमटीला त्या दोघी उतरल्या, सूटवालेही उतरले. मी विधान भवनला उतरून नरिमन पॉइंटला चालत गेले.

समुद्राच्या तोंडावर ती इमारत अजून उभी आहे. एअर इंडिया बिल्डिंग. २३ मजली, १९७४ मधली. एके काळी मुंबईच्या पोस्टकार्डावर हिच्याशिवाय मरीन ड्राइव्ह नसायचा. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी ज्या मिशाळ महाराजाला जन्म दिला, त्याचा हा वाडा. २०१३ मध्ये एअर इंडियाचं मुख्यालय दिल्लीला गेलं. २०२४ मध्ये, म्हणजे ‘महाराजा क्लब’ जन्माला आला त्याच वर्षी, ही इमारत १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र सरकारला द्यायला केंद्रानं मंजुरी दिली.

गंमत म्हणजे तो महाराजा स्वतः कधीच कुणाचा रंग बघायचा नाही. कमरेत वाकून, एक हात छातीवर ठेवून तो उभा असायचा, तिकीट घेतलेल्या प्रत्येकासाठी. विमानात बसणारे मूठभर होते तेव्हाची ती गोष्ट, हे मान्य. तेव्हा तिकीटच प्लॅटिनम होतं. आता कोट्यवधी लोक उडतात, सगळ्यांपुढे वाकायचं तर महाराजांची कंबर जाईल. म्हणून तो निवडून वाकतो.

कट्ट्यावर बसले, दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले आणि मामांना फोन लावला. त्यांना म्हटलं, आता थांबू नका, वहीत आहेत तेवढे माइल्स या वर्षीच लावा. दोन्ही बाजूंनी जमणार नाही, पण जाताना तरी मामीला झोपून जाऊ दे. येताना नातीचे फोटो बघत बसेल. मामा थोडा वेळ गप्प. मग पानं उलटण्याचा आवाज आला.

‘एका बाजूचे होतात,’ ते म्हणाले. ‘बरोबर होतात.’